कॉपीराइट संपलेल्या चित्रांच्या प्रिंटचा धंदा

ज्या चित्रांचा कॉपीराइट संपलाय ती छापून, फ्रेम करून नफ्याने विकायची, एवढाच हा धंदा. नागपुरात सीताबर्डी, इतवारीकडच्या फ्रेमवाल्यांकडे, शिवाय घरबसल्या ऑनलाइन ऑर्डर घेणाऱ्यांकडे पण असे प्रिंट मिळतात, वास्तुशांतीला द्यायला लोक घेतात. परवानगी नाही लागत, रॉयल्टी नाही, आणि यात चोरी-बिरी काही नाही. रविवर्म्यांनी स्वतःच १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला होता, तेव्हापासूनच ही चित्रं घराघरांत गेली.

फक्त वर्षं नीट मोजा. आपल्याकडे चित्रकार गेला की पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. रविवर्मा १९०६ ला गेले, चित्रकार एम. व्ही. धुरंधर १९४४ ला, दोघांचंही काम मोकळं. घोळ होतो तो जुन्या कॅलेंडरांचा अन् दिवाळी अंकांच्या कव्हरांचा, कागद पिवळा पडला म्हणून लोक बिनधास्त स्कॅन करतात, पण दीनानाथ दलाल गेले १९७१ ला आणि मुळगावकर १९७६ ला, म्हणजे २०३१ आणि २०३६ संपेपर्यंत त्यांच्या चित्रांना हात लावायचा नाही. बाहेरदेशी विकत असाल तर तिकडचा कायदा वेगळा बघावा लागतो.

फाइल कुठून घ्यायची? न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ पासून आपल्याकडच्या हक्कमुक्त कलाकृतींचे फोटो धंद्यासाठीही खुले केलेत. ए-थ्री प्रिंट ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल) काढायचा तर ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल पाहिजेत, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो चालणारच नाही, साडीचा काठ नुसता धूसर दिसतो. जुन्या लिथोग्राफमध्ये, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्रात, लक्ष्मीच्या गालावर बारीक बारीक रंगाचे ठिपके असतात, काही जण सॉफ्टवेअरने ते पुसून चेहरा प्लास्टिकसारखा गुळगुळीत करतात, अजिबात करू नका, त्या ठिपक्यांतच तर त्या छपाईची सगळी जान आहे! शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची घ्या, डायची म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई उन्हात लवकर उडते आणि नागपूरचं ऊन तर माहीतच आहे, पश्चिमेच्या भिंतीवर प्रिंट टिकला पाहिजे.

तुम्ही छापलेलं चित्र उद्या बाजूचा दुकानदारही छापणार, त्याला अडवता येत नाही, कारण हक्क तुमचा नाहीच. गिऱ्हाईक पैसे देतं ते कागद, शाई, फ्रेम आणि तुमच्या निवडीचे. म्हणून मागे चित्रकाराचं नाव, मूळ चित्राचं साल आणि हा प्रिंट आहे हे स्पष्ट छापावं, ओरिजनल म्हणून खपवणं ही सरळ फसवणूक आहे.