उपाशीपोटी साखर वाढते कशी?

रात्री वेळेवर जेवण झालं, त्यानंतर पाण्याशिवाय पोटात काही गेलं नाही, आणि सकाळच्या रिपोर्टमध्ये उपाशीपोटीची साखर 140. जेवणानंतरची वाढली तर निदान खाण्यावर खापर फोडता येतं. ही कुठून आली? मधुमेह असलेली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात, आणि ‘पथ्य पाळा’ एवढ्या उत्तराने त्यांचं समाधान होत नाही. व्हायलाही नको. कारण ही साखर ताटातून नाही, यकृतातून आलेली असते.

मुळात रक्तात साखर असते किती? निरोगी माणसाच्या 1 डेसिलिटर रक्तात उपाशीपोटी 70 ते 100 मिलिग्रॅम ग्लुकोज असतं. अंगातलं रक्त सुमारे 5 लिटर. हिशेब येतो 4-5 ग्रॅमचा, म्हणजे जेमतेम एक चमचा. एकटा मेंदूच तासाला जवळपास तेवढं ग्लुकोज संपवतो. लाल रक्तपेशींना तर मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रंच नसतात, त्यामुळे त्यांना ग्लुकोजवाचून दुसरं इंधन चालत नाही. झोपेत कोणी भर घातली नाही, तर तासाभरातच पंचाईत होईल. ही भर यकृत घालतं, तासाला साधारण 8 ग्रॅम.

आतड्यांकडून येणारं रक्त आधी यकृतातून जातं, तेव्हाच जेवणातल्या ग्लुकोजचा बराच वाटा तिथे अडवला जातो आणि ग्लायकोजेन म्हणून साठतो. हा साठा सुमारे 100 ग्रॅमचा. स्नायूंमध्ये याच्या तिप्पट-चौपट ग्लायकोजेन असतं, पण त्याचा रक्ताला थेट उपयोग नाही. त्यातून सुटणाऱ्या ग्लुकोजला फॉस्फेट चिकटलेला असतो. तो काढून टाकणारं विकर (एन्झाइम) स्नायूंकडे नाही, आणि फॉस्फेटसकट ग्लुकोज पेशीबाहेर पडू शकत नाही. यकृताकडे ते विकर आहे. शिवाय साठा आटू लागला की यकृत लॅक्टेट, ग्लिसरॉल आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं वापरून नवं ग्लुकोज तयार करतं.

इन्सुलिन म्हणजे पेशीचं कुलूप उघडणारी किल्ली, असं सगळीकडे वाचायला मिळतं. स्नायू आणि चरबीच्या पेशींपुरतं ते ठीक आहे, पण त्यात यकृत पार निसटतं. यकृताच्या पेशीत ग्लुकोज इन्सुलिनशिवायही शिरतं. तिथे इन्सुलिनचं मोठं काम म्हणजे ग्लुकोज सोडणं थांबवायला सांगणं. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन सगळ्यात आधी पोचतंही यकृतातच. ग्लुकागॉन हे संप्रेरक याच्या उलट निरोप देतं.

टाइप 2 मधुमेहात यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. रक्तात साखर भरपूर असतानाही ते रात्रभर आणखी सोडत राहतं. त्यात पहाटे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि सकाळचा आकडा आणखी चढतो. मेटफॉर्मिन ही सर्रास दिली जाणारी गोळी मुख्यतः यकृताच्या या उत्पादनालाच आवर घालते. तेव्हा ‘रात्री चोरून काय खाल्लंस?’ ही घरच्यांची उलटतपासणी बऱ्याचदा अन्यायाची असते.

टाइप 1 मध्ये तर निरोप देणाराच राहत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही. ती लघवीतून जाते आणि जाताना पाणीही ओढून नेते. म्हणून सारखी लघवी आणि न भागणारी तहान. इकडे चरबी भराभर वितळते, यकृत तिच्यापासून कीटोन नावाची आम्लधर्मी रसायनं बनवत सुटतं, रक्ताची आम्लता वाढते आणि श्वासाला ॲसिटोनचा वास येऊ लागतो. इन्सुलिन मिळालं नाही तर यातून मृत्यू ओढवतो. पूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवलं जाई. त्याने थोडे दिवस वाढत, मूल वाचत नसे. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत 14 वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप यांनी जनावरांच्या स्वादुपिंडापासून काढलेला हा अर्क अधिक शुद्ध केला आणि काही दिवसांनी दिलेल्या पुढच्या इंजेक्शनने साखर उतरली. लिओनार्ड त्यानंतर 13 वर्षं जगला.

याच्या अगदी उलटा बिघाडही असतो, क्वचित आढळणारा. फॉन गिर्के आजारात फॉस्फेट काढणारं ते विकर यकृतातही जन्मापासून नसतं. यकृत ग्लायकोजेनने फुगत जातं, पण त्यातलं ग्लुकोज बाहेर सोडता येत नाही, आणि नवं बनवलेलंही त्याच पायरीवर अडकतं. दोन जेवणांत काही तासांचं अंतर पडलं तरी बाळाची साखर धोकादायक पातळीला उतरते, झटके येऊ शकतात. गर्टी आणि कार्ल कोरी या जीवरसायनशास्त्रज्ञ दांपत्याने हा दोष 1952 मध्ये शोधून काढला. अशा मुलांना आईवडील रात्रीही गजर लावून उठवतात आणि पाण्यात कालवलेलं मक्याचं कच्चं स्टार्च पाजतात. ते शिजवायचं मात्र नाही: शिजवलेलं झटपट पचतं, कच्च्यातून ग्लुकोज कित्येक तास थोडं थोडं सुटत राहतं.