टेरिपॅराटाइडचे पेन घरी नेताना

ठिसूळ हाडांसाठी डॉक्टरांनी हे इंजेक्शनचे पेन लिहून दिले असेल, तर पहिली सुई लावण्याआधी एवढे वाचा.

पॅराथायरॉइड हार्मोन, म्हणजे रक्तातले कॅल्शियम सांभाळणारे शरीरातले संप्रेरक, ही ८४ अमिनो आम्लांची साखळी. तिचे पहिले ३४ दुवे कृत्रिमरीत्या बनवले की टेरिपॅराटाइड होते. हे हार्मोन रक्तात सतत चढलेले राहिले तर हाड झिजते. दिवसातून एकदाच, थोडे मिळाले तर हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. म्हणून रोज २० मायक्रोग्रॅम, एकदाच. काल राहिले म्हणून आज दोनदा टोचू नका.

पेन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर, मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, बर्फाच्या कप्प्याला टेकून तर मुळीच नको. एकदा गोठलेले पेन वितळल्यावर नव्यासारखे दिसते, तरी ते टाकूनच द्यावे लागते. नेतानाही बर्फाची पिशवी कापडात गुंडाळा.

पहिल्या वापराची तारीख पेनवर लिहा. २८ दिवस झाले की औषध उरलेले असले तरी पेन बाद. (सगळ्यात जास्त चूक इथेच होते; महाग औषध टाकवत नाही.)

सुई दर वेळी नवी, आणि टोचून झाल्यावर लगेच काढायची. तशीच ठेवली तर औषध गळते, आत हवा शिरते आणि पुढचा डोस कमी पडतो. जागा मांडी किंवा पोट. बटण पूर्ण दाबल्यावर सावकाश पाच मोजा, मगच सुई बाहेर काढा. औषध गढूळ दिसले तर वापरू नका. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका.

सुरुवातीचे काही दिवस बसूनच टोचा. उभे राहिल्यावर चक्कर येऊ शकते. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, गळाठा टिकून राहिला तर रक्तातले कॅल्शियम वाढलेले असू शकते, डॉक्टरांना कळवा. हाडांना पूर्वी रेडिएशन दिले असेल, हाडाचा कर्करोग किंवा मुतखडा झाला असेल, डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध चालू असेल, तर हे आधीच सांगा.

उपचार सहसा दोन वर्षांपर्यंत चालतो. थांबल्यावर दुसरे औषध सुरू केले नाही तर कमावलेले हाड पुन्हा जाते, म्हणून शेवटचे पेन संपण्याआधीच डॉक्टरांना भेटा.

‘गुडघ्याला चालेल का?’ असे बरेच जण विचारतात. गुडघ्याच्या कूर्चेची झीज भरून काढण्यासाठी या औषधाला मान्यता नाही.

विकलेले पेन आम्ही परत घेत नाही. बाहेर ते किती अंशांवर राहिले, हे तपासायला आमच्याकडे मार्ग नाही.