पिवळ्या पोटाचा साप पाणी कुठून पितो?

नाग आणि मण्यार ज्या कुळातले, त्याच कुळातला हा साप. पाठ काळी, पोट पिवळं, शेपूट वल्ह्यासारखी चपटी. शास्त्रीय नाव हायड्रोफिस प्लाट्युरस. बहुतेक समुद्री साप किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहतात. हा मात्र खुल्या समुद्रात. पिल्लंही पाण्यातच जन्मतात, त्यामुळे अंडी घालायला किनारा गाठायची गरज नाही. चुकून वाळूवर फेकला गेलाच तर त्याला धड सरपटताही येत नाही.

दोन प्रवाह मिळतात तिथे फेस, काटक्या, शेवाळ यांची लांबच लांब रेघ पाण्यावर तरंगते. साप त्यात निपचित पडून राहतो. तरंगत्या वस्तूखाली आसऱ्याला येणारे छोटे मासे त्याच्याखालीही जमतात. मासे शेपटीकडे असले तर हा गडी चक्क उलटा पोहत तोंड त्यांच्यापर्यंत नेतो. विषदंत इवलेसे, पण विष चेतांकडून स्नायूंना जाणारा संदेशच तोडतं. माणसाला चावा फारसा दुखत नाही आणि धोका तिथेच आहे: मदत मागायला उशीर होतो.

खरी गंमत पाण्याची. त्याच्या जिभेखाली मीठ बाहेर टाकणारी ग्रंथी असते. त्यामुळे तो समुद्राचंच पाणी पीत असणार, असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ हार्वी लिलीव्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यालगत हे साप पकडून तपासले, तर वेगळंच निघालं. तहानलेला साप खाऱ्या पाण्याला तोंड लावत नव्हता. गोडं पाणी दिलं की पीत होता. तिथला कोरडा हंगाम सहा-सात महिन्यांचा. तेवढा काळ साप शरीरातलं पाणी हळूहळू गमावत तग धरतात. मग मुसळधार पाऊस येतो. गोडं पाणी हलकं असल्यामुळे लगेच खाऱ्यात मिसळत नाही, वर पातळ थर धरतं. लाटा तो थर मोडून टाकतात, त्याआधीच पिऊन घ्यायचं. पाऊसमान बदललं तर या सापाचं काय होईल, हा प्रश्न म्हणूनच मला त्याच्या विषापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

हिंदी आणि पॅसिफिक महासागरांत तो दूरवर पसरला आहे, अटलांटिकमध्ये मात्र नाही. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणारी जमिनीची चिंचोळी पट्टी, म्हणजे पनामाची संयोगभूमी, सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी जुळली आणि पॅसिफिकमधून अटलांटिकमध्ये जायचा मार्ग बंद झाला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालावा, तर पलीकडे थंड बेंग्वेला प्रवाह आहे, आणि साधारण १८ अंश सेल्सिअसखालच्या पाण्यात हा साप फार काळ टिकत नाही.