'द एक्झॉर्सिस्ट'ची सूत्रं कुणाच्या हाती? पन्नास वर्षांची ओढाताण

मे २०२४ मध्ये 'द एक्झॉर्सिस्ट' या गाजलेल्या भयपटमालिकेचा नवा चित्रपट माइक फ्लॅनगन लिहिणार आणि दिग्दर्शित करणार, असं जाहीर झालं. सोबत खुलासाही होता की याच मालिकेतल्या २०२३ च्या 'बिलीव्हर'चा हा पुढचा भाग नसेल, सगळी मांडणीच नवी असेल. म्हणजे तीन चित्रपटांची मालिका म्हणून वाजतगाजत सुरू केलेला प्रकल्प पहिल्याच चित्रपटावर गुंडाळला गेला. ज्यांना हा प्रकार नवा वाटला, त्यांनी या नावाचा इतिहास पाहिलेला नाही. दिग्दर्शक नेमायचा, त्याच्यावर नाराज व्हायचं आणि मग त्याच्या बरोब्बर उलट माणूस शोधायचा, हे इथे अर्धं शतक चालू आहे.

याला अपवाद फक्त पहिली निवड, आणि तीही सुखासुखी झाली नव्हती. सैतानाने झपाटलेली मुलगी आणि तो उतरवायला आलेले धर्मगुरू यांची गोष्ट सांगणारी विल्यम पीटर ब्लॅटीची कादंबरी १९७१ मध्ये आली आणि तुफान खपली. वॉर्नर ब्रदर्सला हक्क देताना ब्लॅटीने पटकथेबरोबर निर्मात्याचं पदही स्वतःकडे ठेवलं. लेखकाच्या हाती निर्मात्याचे अधिकार असणं हे हॉलिवूडमध्ये तेव्हाही दुर्मीळच होतं. स्टुडिओच्या मनात स्टॅन्ली कुब्रिक, आर्थर पेन, माइक निकोल्स अशी वजनदार नावं होती. त्यांतलं एकही जमलं नाही, तेव्हा मार्क रायडेलला घेतलं गेलं. ब्लॅटी मात्र विल्यम फ्रीडकिनवर अडून बसला.

या हट्टामागे एक जुना किस्सा आहे. ब्लॅटी तेव्हा दिग्दर्शक ब्लेक एडवर्ड्ससाठी विनोदी पटकथा लिहायचा. त्यांची एक पटकथा दिग्दर्शनासाठी तरुण फ्रीडकिनपुढे ठेवण्यात आली. काम मिळवायला आलेल्या त्या पोराने ती भिकार आहे असं तोंडावर सांगितलं आणि काम घालवलं. ब्लॅटीच्या लक्षात राहिला तो हा खरेपणा. पुढे फ्रीडकिनचा 'द फ्रेंच कनेक्शन' आला, गाजला आणि स्टुडिओचा विरोध मावळला. एप्रिल १९७२ मध्ये त्याला दिग्दर्शनाचं ऑस्करही मिळालं.

फ्रीडकिन मूळचा माहितीपटवाला. तुरुंगात मृत्युदंडाच्या प्रतीक्षेत असलेल्या माणसावर त्याने माहितीपट केला होता. भुताखेतांची गोष्टसुद्धा तो बातमी सांगितल्यासारखी सांगणार, हे ब्लॅटीने ओळखलं होतं. झालंही तसंच. झपाटलेल्या मुलीच्या खोलीत पात्रांच्या तोंडून वाफ दिसायला हवी होती, म्हणून न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत ती खोली वातानुकूलन यंत्रं लावून गोठणबिंदूच्या खाली नेली. तंत्रज्ञ जाड कोट घालून काम करत होते आणि त्या मुलीच्या भूमिकेतली लिंडा ब्लेअर रात्रीच्या पातळ झग्यात पलंगावर. फादर डायरच्या भूमिकेत विल्यम ओमॅली हा जेझुइट या कॅथलिक संघाचा खराखुरा धर्मगुरू होता. शेवटच्या प्रसंगात त्याचा हात थरथरताना दिसतो, तो अभिनय नाही. टेकच्या ऐन आधी फ्रीडकिनने त्याच्या थोबाडीत मारली होती. आज असं केलं तर दिग्दर्शकाला सेटवरूनच घरी जावं लागेल, आणि ते योग्यच म्हणायला हवं. पण या चित्रपटात सैतानाइतकीच भीती इस्पितळातल्या तपासण्यांची वाटते, मानेत सुई खुपसून काढलेल्या त्या एक्स-रेंची वाटते, याचं श्रेय त्याच्या या कोरड्या, निष्ठुर नजरेलाच आहे.

२६ डिसेंबर १९७३ ला चित्रपट लागला. दहा ऑस्कर नामांकनं मिळाली, दोन पुरस्कार पदरात पडले आणि त्यांतला एक ब्लॅटीच्या पटकथेला होता.

आपल्याकडे त्याचे पडसाद उमटले, त्यांत सगळ्यात लक्षणीय १९८० चा 'गहराई'. विकास देसाई आणि अरुणा राजे यांचं दिग्दर्शन, पटकथेत विजय तेंडुलकर, पडद्यावर डॉ. श्रीराम लागू आणि झपाटलेल्या मुलीच्या भूमिकेत पद्मिनी कोल्हापुरे. रूढ अर्थाने हा रिमेक नाही. बाप वडिलोपार्जित जमीन कारखान्याला विकतो आणि त्याचा तळतळाट घरातल्या मुलीच्या अंगात शिरतो. झपाटण्याची कल्पना उचलायची आणि तिच्या मुळाशी आपल्या मातीतलं पाप ठेवायचं, हे या मंडळींना साधलं. हॉलिवूडला स्वतःच्याच मालमत्तेबाबत ते पुढे क्वचितच साधलं.

दुसऱ्या भागासाठी वॉर्नरने निवडला जॉन बूरमन. गंमत अशी की पहिला चित्रपट त्यालाही देऊ केला होता आणि एका मुलीचा छळ दाखवणारी गोष्ट मला नको, म्हणून त्याने तो नाकारला होता. मूळ चित्रपट ज्याला पटलेलाच नाही, त्याच्याच हाती पुढचा भाग दिला गेला. बूरमनने भीती बाजूला सारून टोळधाड, आफ्रिका, संमोहनाचं यंत्र असं गूढवादी काहीतरी मांडलं. जून १९७७ मध्ये प्रदर्शित झाल्यावर प्रेक्षक हसले. बूरमनने चित्रपट चालू असतानाच पुन्हा कापला, तरी उपयोग झाला नाही.

तिसऱ्या खेपेला ब्लॅटी स्वतः पुढे आला. सुरुवातीला फ्रीडकिन सोबत होता, पण दोघांचं जमलं नाही. मग जॉन कारपेंटरशी बोलणी झाली. ब्लॅटीलाच दिग्दर्शन करायचंय हे कारपेंटरच्या ध्यानात आलं आणि तो बाजूला झाला. १९९० चा 'एक्झॉर्सिस्ट ३' ब्लॅटीच्याच 'लीजन' या कादंबरीवर होता आणि त्यात भूत उतरवण्याचा विधीच नव्हता. निर्मिती संस्था मॉर्गन क्रीकने हरकत घेतली: नावात एक्झॉर्सिस्ट आणि चित्रपटात एक्झॉर्सिझम नाही? मुळात नसलेला धर्मगुरू आणून शेवट पुन्हा चित्रित करायला लावला. तो जोड उघडाच पडतो. तरीही इस्पितळातल्या रिकाम्या कॉरिडॉरचा तो लांबलचक, न हलणारा शॉट ज्याने पाहिलाय, तो ब्लॅटीला दिग्दर्शनातलं काही कळत नव्हतं असं म्हणणार नाही. नर्स एका दारातून आत जाते, बाहेर येते, पुन्हा जाते, आणि मग जे होतं ते दोन सेकंदांत होतं.

यानंतरचं प्रकरण म्हणजे कळसच. पहिल्या चित्रपटातला वृद्ध धर्मगुरू फादर मेरिन, त्याच्या तरुणपणावरचा चित्रपट जॉन फ्रँकनहायमर करणार होता. प्रकृतीमुळे तो बाहेर पडला आणि २००२ मध्ये वारला. मग पॉल श्रेडर आला. 'टॅक्सी ड्रायव्हर'चा हा लेखक कडक धार्मिक घरात वाढलेला, पाप आणि श्रद्धा हाच त्याचा जन्माचा विषय. त्याने तसाच चित्रपट केला, धीमा आणि चिंतनशील. मॉर्गन क्रीकने तो पाहिला, यात भीती कुठे आहे असं विचारलं आणि पूर्ण झालेला चित्रपट बासनात बांधला. त्यानंतर 'डाय हार्ड २'वाल्या रेनी हार्लिनला बोलावून नव्या पटकथेवर जवळजवळ सगळा चित्रपट पुन्हा चित्रित केला. नायक तोच, स्टेलान स्कार्सगार्ड. छायाचित्रकारही तोच, व्हित्तोरिओ स्तोरारो. हार्लिनची आवृत्ती ऑगस्ट २००४ मध्ये आली आणि तिच्यावर टीकेची झोड उठली, तेव्हा श्रेडरचा चित्रपट बासनातून काढून २००५ मध्ये 'डॉमिनियन' नावाने मोजक्या चित्रपटगृहांत लावला. एकाच गोष्टीचे दोन दिग्दर्शकांनी केलेले दोन चित्रपट, दोन्हींचा पैसा एकाच संस्थेचा. श्रेडर काय करणार हे त्याचे आधीचे चित्रपट पाहणाऱ्या कुणालाही सांगता आलं असतं. त्याला नेमताना ते कुणी पाहिले होते की नाही, अशी शंका येते.

२०१६ मध्ये दूरचित्रवाणी मालिका आली, दोन हंगाम चालली, बरी होती.

डेव्हिड गॉर्डन ग्रीनच्या निवडीमागचा हिशोब मात्र सरळ होता. २०१८ मध्ये त्याने ब्लमहाउस या निर्मिती संस्थेसाठी 'हॅलोवीन' ही जुनी भयपटमालिका पुन्हा उभी केली. मूळ नायिका जेमी ली कर्टिसला परत आणलं, मधले सगळे भाग नसल्यासारखे धरले आणि सुमारे एक कोटी डॉलरच्या चित्रपटाने पंचवीस कोटींच्या वर कमाई केली. तोच साचा इथे वापरायचा ठरला. २०२१ मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओ आणि पीकॉक या स्ट्रीमिंग सेवेने तीन चित्रपटांसाठी तब्बल ४० कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या आल्या. पहिल्या चित्रपटात मुलीची आई झालेली एलन बर्स्टिनही परत आली. पण 'हॅलोवीन'मध्ये मुखवटा घातलेला माणूस सुरा घेऊन येतो, एवढं पुरतं. 'एक्झॉर्सिस्ट'मध्ये देव आहे की नाही, हा प्रश्न पडद्यावरच्या माणसाला आतून पोखरत असावा लागतो. 'बिलीव्हर'ने जगभरात तेरा-चौदा कोटी डॉलर मिळवले. ३ कोटींच्या निर्मितीखर्चाशी ताडून पाहिलं तर हे वाईट नाही, पण ४० कोटींच्या सौद्यापुढे ते काहीच नव्हतं. ठरलेल्या पुढच्या भागातून ग्रीन २०२४ च्या सुरुवातीला बाहेर पडला.

फ्लॅनगनचं पारडं जड का, हे त्याचं काम पाहिलं की कळतं. 'डॉक्टर स्लीप'मध्ये त्याला एकीकडे स्टीफन किंगची कादंबरी आणि दुसरीकडे किंगला न आवडलेला कुब्रिकचा 'द शायनिंग', या दोघांचाही मान राखायचा होता. तिकीटखिडकीवर तो चित्रपट पडला, पण किंगला पसंत पडला. 'मिडनाइट मास' या मालिकेत तर एका बेटावरचा कॅथलिक धर्मगुरू, त्याची प्रवचनं आणि चमत्काराला भुललेलं गाव हाच सगळा ऐवज आहे. ब्लॅटीनंतर या विषयाला इतका जवळचा लेखक-दिग्दर्शक या खुर्चीत बसलेला नाही. श्रेडरही जवळचाच होता, पण त्याला फक्त दिग्दर्शन दिलं होतं. पटकथा दुसऱ्यांची होती. फ्लॅनगन लेखक आहे, दिग्दर्शक आहे आणि निर्मात्यांमध्येही आहे. बाकीच्या निर्मात्यांत ब्लमहाउससोबत मॉर्गन क्रीक अजूनही आहे. ब्लॅटीला शेवट बदलायला लावणारी आणि श्रेडरला घरी पाठवणारी संस्था तीच.