पवित्र मानणं वेगळं, राखणं वेगळं

एखादी नदी किंवा रान लोक पवित्र मानतात म्हटलं, की ते सुरक्षित असणार असं आपण धरूनच चालतो. दोन्हीकडे आदर दिसतो, म्हणून ही गल्लत होते. पण पवित्र मानण्यात प्रश्न असतो देवाशी असलेल्या नात्याचा. राखण्यात प्रश्न असतो तिथलं पाणी, रोपं, जनावरं टिकतात का, याचा.

गंगेचंच बघा. जी सगळ्यांची पापं धुते ती सांडपाण्याने कशी बाटेल, असं अनेक भाविकांना मनापासून वाटतं. त्यांच्या लेखी घाण पाण्यात असते, गंगामाईत नाही. म्हणजे श्रद्धा कमी पडते असं नव्हे. ती इतकी पक्की आहे की घाण दिसूनही काळजी वाटत नाही. १९८६ साली नदी स्वच्छ करण्यासाठी सुरू झालेल्या सरकारी गंगा कृती योजनेने मोजला तो पाण्याचा दर्जा. भाविक त्या मापाने नदीकडे बघतच नव्हता.

उत्तर इथिओपियात ऑर्थोडॉक्स चर्चभोवती जुन्या जंगलाचे गोल तुकडे उरले आहेत, बाकी चहूकडे शेतं. ही झाडं म्हणजे चर्चचं वस्त्र, त्यामुळे त्यांच्यावर सहसा कुऱ्हाड चालत नाही. गुरं मात्र आत शिरतात, कोवळी रोपं खातात, तुडवतात. वर थोराड झाडं आणि खाली जमीन उघडी. कुणी काही पाप केलेलं नाही, तरी जंगल म्हातारं होत चाललेलं! काही ठिकाणी मग शेतातलेच दगड वेचून भोवती गडगा घातला गेला, तेव्हा आत रोपं तगू लागली.

इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ साली पर्यावरणाच्या संकटाचं मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात दाखवलं. तेव्हापासून ग्रंथातली वचनं काढून धर्मांना गुण द्यायची हौस काही सरत नाही. मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही. रोजच्या वागण्याला धर्माने कुठे लगाम घातलाय, ते बघावं.

म्हणूनच राजस्थानातल्या बिश्नोई पंथाच्या लोकांना मी ‘राखणाऱ्यां’मध्ये धरतो. १७३० मध्ये तिथल्या खेजडली गावात झाडांसाठी ३६३ जणांनी जीव दिला, ही कथा सगळे सांगतात. पण पंथाच्या २९ नियमांतली तोडीची बंदी कुठल्याही हिरव्या झाडाला लागू आहे, मग ते देवळाजवळ असो वा बांधावर. सरपणसुद्धा चुलीत घालण्याआधी त्यात किडामुंगी नाही ना, हे पाहून घ्यायचं.