टँकरच्या तक्त्यातली लाल ओळ कुठून आली?

उन्हाळा लागला की मराठवाड्यात टँकरचे तक्ते सुरू होतात. गाव, टँकर नंबर, मंजूर खेपा, झालेल्या खेपा. खेपा कमी पडल्या त्या गावाची ओळ लाल हवी, म्हणजे साहेबांची नजर आधी तिथे जाते. हे रंगकाम आज पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिलेली छोटी स्क्रिप्ट (आज्ञांची यादी) करते.

१९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी आणलेल्या व्हिसिकॅल्क या संगणकावरच्या तक्त्यांच्या (स्प्रेडशीट) प्रोग्रॅममध्ये आकडेमोड होती, रंग नव्हते. १९८३ च्या लोटस १-२-३ या तशाच प्रोग्रॅमने मॅक्रो (साठवून पुन्हा चालवायच्या आज्ञा) रुळवले. पुढे १९९३ मध्ये एक्सेल ५ सोबत व्हीबीए ही मॅक्रो लिहायची भाषा आली आणि ओळ रंगवणे हुकमी झाले: कलरइंडेक्स (रंगाचा क्रमांक) ३ दिला की लाल, ६ दिला की पिवळी. रंग मात्र एकूण ५६. एक्सेल ९७ मध्ये कंडिशनल फॉरमॅटिंग (अट पुरी झाली की आपोआप रंग देणारी सोय) आले, पण अटी तीनच. चौथा प्रकार निघाला की पुन्हा मॅक्रोच.

खरा बदल २००७ चा. अटींची मर्यादा गेली आणि नवी एक्सएलएसएक्स फाइल आली. ही फाइल म्हणजे झिप केलेले गाठोडे: रंगांची यादी वेगळ्या फाइलमध्ये, सेलजवळ फक्त त्या शैलीचा क्रमांक. रचना उघड असल्याने एक्सेल न उघडताही ती लिहिता येऊ लागली. ओपनपायएक्सएल ही एक्सेल फाइल लिहिणारी पायथनची लायब्ररी (तयार कोडचा संच) त्यातूनच उभी राहिली. त्यात ओळ रंगवायची तर एकेक सेल घेऊन पॅटर्नफिल (सेलमध्ये रंग भरायची शैली) द्यावा लागतो. प्रकार ‘सॉलिड’ सांगितला नाही तर रंग दिसतच नाही, आणि भरायचा रंग ‘फोरग्राउंड’ म्हणून द्यायचा असतो. नवखे इथेच अडकतात.

स्क्रिप्टचा मोठा फायदा मला वेगळाच वाटतो. हाताने पिवळी केलेली ओळ का पिवळी आहे, हे लिपिकाची बदली झाली की कुणालाच सांगता येत नाही. स्क्रिप्टमध्ये अट लिहून राहते. पण स्क्रिप्टने थेट भरलेला रंगही दुपारी खेपांचा आकडा बदलला तरी तसाच राहतो. म्हणून स्क्रिप्टकडून रंगाऐवजी कंडिशनल फॉरमॅटिंगचा नियमच फाइलमध्ये लिहून घ्यावा. आकड्याबरोबर रंगही बदलतो. शेजारी ‘खेपा कमी’ असा शब्दांतला रकानाही हवाच, कारण तहसीलमध्ये काढलेल्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर लाल आणि हिरवी ओळ सारखीच करडी दिसते.