वर्किंग लॅड्स इन्स्टिट्यूट, व्हाईटचॅपल (लंडन)

लंडनच्या ईस्ट एंडमधे (शहराचा तेव्हाचा गरीब कामगारवस्तीचा पूर्व भाग), व्हाईटचॅपल स्टेशनला अगदी खेटून असलेली ही लाल विटांची बिल्डिंग 1884-85 मधे, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळात (व्हिक्टोरियन), कामगार पोरांच्या क्लबसाठी बांधली. आर्किटेक्ट जॉर्ज बेन्स. हेन्री हिल नावाच्या व्यापाऱ्याने 1876 मधे संस्था काढली होती, साधारण 13 ते 18 वयाच्या पोरांसाठी, म्हणजे शाळा सुटलेली, दिवसभर कुठेतरी राबणारी आणि घरी एकाच खोलीत सगळं कुटुंब कोंबलेलं असल्याने रात्री रस्त्यावरच असणारी पोरं. ती पबमधे नाहीतर स्वस्तातल्या म्युझिक हॉलमधे (गाणी-नकलांचे खेळ चालणारी थिएटरं) जायची, त्यामुळे क्लबची खरी स्पर्धा पबशी होती आणि पब म्हणजे उजेड, ऊब, आरसे, नुसता झगमगाट.

असल्या क्लबांचं आर्किटेक्चर कळायला हा एक मुद्दा पुरेसा आहे असं मला वाटतं. बाहेरून दिसायला भारदस्त हवं, पण चर्चसारखं दिसलं तर पोरं आत पाऊलच टाकणार नाहीत. म्हणून मग लाल वीट, उंच खिडक्या आणि दर्शनी भागावर संस्थेचं नाव असं कोरलेलं की समोरच्या लंडन हॉस्पिटलकडून येणाऱ्यालाही दिसावं. आत वाचनालय, क्लासच्या खोल्या, लेक्चर हॉल, व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलावसुद्धा! ज्यांच्या घरी नळ नाही त्यांना तलाव म्हणजे आंघोळीचीही सोय, मजा तर होतीच. व्यायामशाळा म्हणजे आपली लाल मातीची तालीम नव्हे हां, दोर, रिंगा, बार आणि त्यासाठी लागणारं उंच छत, त्यामुळे अशा क्लबांमधे ती जागा बाकीच्या खोल्यांपेक्षा वेगळीच दिसते.

पण ही इमारत लोकांच्या लक्षात राहिली ती भलत्याच कारणाने. सप्टेंबर 1888 मधे मेरी ॲन निकोल्स आणि ॲनी चॅपमन यांच्या खुनांची (कधीच न सापडलेल्या जॅक द रिपर या खुन्याचं प्रकरण) कॉरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) विन बॅक्स्टर यांनी केलेली चौकशी इथल्याच हॉलमधे झाली. इतका मोठा हॉल जवळपास आयता मिळाला म्हणून असेल. पोरांना वाईट गोष्टींपासून लांब ठेवायला बांधलेली जागा, आणि त्या वर्षीच्या सगळ्यात भयंकर बातम्या तिथूनच पेपरात गेल्या.

पुढे पैशांची चणचण झाली आणि 1890 च्या दशकात थॉमस जॅक्सन या मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) पाद्रीने जागा ताब्यात घेऊन बेघर पोरांसाठी काम चालू केलं.

अशा क्लबांपैकी सगळ्यात जास्त फोटो निघतात ते मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्ड लॅड्स क्लबचे, द स्मिथ्स बँडने दारात उभं राहून काढलेल्या फोटोमुळे. मात्र त्याचं उद्घाटन 1904 मधे बेडन-पॉवेल (पुढे स्काउट चळवळ काढणारे) यांनी केलं, तोवर व्हिक्टोरिया राणी जाऊन तीन वर्षं झालेली, त्यामुळे त्याला व्हिक्टोरियन म्हणणं चूकच.